येलदरी (वार्ताहर)

माध्यमक्षेत्रातली भरती पुण्या-मुंबईला कोणत्या महिन्यात निघते, कल्पना नाही. येलदरीत ती पावसाळ्यात निघते. पूर्णा नदीला पाणी आलं, धरणाची पातळी बोटभर हलली, की पेपरवाले, चॅनेलवाले आणि ज्यांचं चॅनेल अजून व्हायचंय असे यच्चयावत मोबाइलधारक एकच विचारू लागतात, 'किती टक्के?' बाकीच्या गावांत होतकरू पत्रकाराला विषय हुडकत हिंडावं लागतं. आमचा विषय चार किलोमीटर लांब आणि पन्नास मीटर उंच आहे. टाळायचा म्हटला तरी टळत नाही.

धरण १९६८च्या सुमाराला पुरं झालं. त्यावर साडेसात-साडेसात मेगावॅटचे तीन वीजसंच आहेत. खाली हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर धरण, आणि तिथून निघणारे कालवे परभणी, हिंगोली, नांदेड असे तीन जिल्हे भिजवत जातात. परभणी शहराची नळयोजना येलदरीवर. त्यामुळं 'येलदरी ६२ टक्के' या एका ओळीला नाना तऱ्हेचे वाचक. वसमतचा हळदवाला ती वाचून रब्बीच्या पाळ्या मोजतो, परभणीची गृहिणी घरातली पिंपं मोजते आणि पुढारी जलपूजनाचे दिवस मोजतो. धरण भरलं की एकाच पाण्याचं पूजन सकाळी एक गट करतो, दुपारी दुसरा. पाण्याला त्याचं काही नसतं. वार्ताहराला मात्र दोन्ही फोटो सारख्याच मापाचे छापून आणावे लागतात.

या टक्क्यांमागं गणित आहे, आणि आमच्याकडचं प्रवेशपरीक्षेचं पुस्तक तेच. धरणात एकूण मावतं ९३४ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. त्यातला ८०९ दलघमी साठा जिवंत, उरलेला मृत. टक्के काढायचे ते जिवंत साठ्याचे. म्हणजे धरण शून्य टक्क्यांवर आलं तरी त्याच्या पोटात सव्वाशे दलघमी पाणी असतं. ही सोय वार्ताहराच्या बँकखात्याला नाही. दलघमीचं टीएमसी करायचं तर २८.३२नं भागायचं, क्युमेकचं क्युसेक करायचं तर ३५.३१नं गुणायचं. नवख्यानं क्युमेकचा आकडा क्युसेक म्हणून लिहिला, की पेपरात पूर पस्तीस पटीनं ओसरतो. क्युसेकचा क्युमेक केला, तर नदीकाठचं गाव रातोरात गाठोडी बांधतं.

दरवाजे उघडले की आणखी शिस्त. 'दरवाजे उघडले' एवढ्यावर भागत नाही. क्रमांक एक, पाच, सहा आणि दहा, अर्ध्या मीटरनं, अमुक क्युसेक, आणि शेवटी 'नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा'. हा इशारा वाचूनच नदीकाठची गावं लेकराबाळांसकट पाणी बघायला धरणावर येतात, हा भाग वेगळा. शिवाय आमच्याकडचं पाणी बरंचसं वरच्या मर्जीचं. बुलढाणा जिल्ह्यातल्या खडकपूर्णा धरणानं सोडलं की येलदरी वाढते. म्हणून येलदरीच्या मुरलेल्या वार्ताहराचा एखादा तरी साडू देऊळगावराजाकडं असतो. बातमीत त्यालाच 'विश्वसनीय सूत्र' म्हणतात.

आता एवढ्या पाण्यात उडी घ्यायची म्हणून आमच्या चुलतभावाच्या पोरानं बी.ए. झाल्यावर घरात जाहीर केलं, "मला मीडियात जायचंय."

आमच्याकडं बी.ए.नंतर पोलिस भरती असते. पहाटे धरणाच्या रस्त्यानं पोरं पळत असतात. पोरगं पळताना दिसलं की घर निश्चिंत असतं. (पळणाऱ्यांतले भरती किती होतात, हे कुणी कुणाला विचारायचं नसतं.) न पळणारं पोर म्हणजे घोर. मी पेपर रोज वाचतो आणि क्वचित त्यात माझंही काही छापून येतं, एवढ्या भांडवलावर मला तज्ज्ञ म्हणून बोलावणं आलं.

"सरकारी हाय का ते?" बापानं विचारलं.

"नाही. खासगी."

"पगार?"

"आधी अनुभव, मग पगार."

"आरं, सालगड्याला तरी आधी उचल द्यावी लागते!"

आजीनं मात्र नेमकं विचारलं. "टीव्हीत दिसतूस का?"

"दिसंल की."

"मग पगार कशाला पाहिजे?"

शिक्षणाची माहिती मी दिली. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ला, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनालाच, सुरू झालं. परभणी त्याच्याच हद्दीत येते आणि तिथं माध्यमशास्त्र शिकवतात. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्येचा विभाग आहे. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूट, आणि दिल्लीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशनचं एक केंद्र तर आपल्या अमरावतीला. बापानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यातलं येष्टीनं जाऊन-येऊन कोणतं हुतं?"

अभ्यासक्रमात पहिल्याच दिवशी षट्ककार शिकवतात. कोण, काय, कधी, कुठं, का आणि कसं. नंतर शिकवतात उलटा पिरॅमिड, म्हणजे महत्त्वाचं आधी, बाकीचं उतरत्या क्रमानं. येलदरी कॅम्पच्या स्टँडवर चहा पिणाऱ्या कुठल्याही माणसाला हे पाठ असतं, फक्त त्याचा क्रम निराळा. तिथं सगळ्यात आधी विचारतात, 'कोणाचा?' मोटारसायकल पुलावरून घसरली, तर कधी, कुठं, कशी हे नंतर. आधी पोरगं कोणाचं, कोणाच्या भावकीतलं आणि मामा कोण. हे समजल्याशिवाय पुढची बातमी ऐकून घ्यायला कोणी तयार नसतं. विद्यापीठांनी या सातव्या 'क'ची दखल अद्याप घेतलेली नाही.

पोरानं नांदेडला प्रवेश घेतला आणि शेवटच्या सहामाहीला अनुभव म्हणून एका पेपरचं येलदरीचं वार्ताहरपद धरलं. पेपरचं नाव कशाला हवं? त्याच्यासारखे पुष्कळ आहेत आणि सगळ्यांचे नियम एकाच छापखान्यातून निघाल्यासारखे. नेमणूकपत्रात कामं तीन असतात. बातम्या पाठवणं हे शेवटचं. पहिलं, अंक घेणं. वार्ताहर हाच एजंट, त्यानं अनामत भरायची, गठ्ठा उचलायचा, घरोघर टाकायचा आणि महिन्याअखेर वसुलीला फिरायचं. दुसरं, जाहिराती. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन, दिवाळी आणि पेपरचा वर्धापनदिन, या पाच सणांना पुरवणी निघते आणि पुरवणीला उद्दिष्ट असतं. मानधनाचा रकाना कोरा असतो. त्याबद्दल विचारलं तर उत्तर येतं, 'कमिशन आहे ना.' ओळखपत्र मात्र झकास मिळतं. गळ्यात घालायची दोरी रुंद, त्यावर पेपरचं नाव, खाली पोराचा आधार कार्डापेक्षा बरा फोटो. आजीनं ते देवाजवळ ठेवलं.

पहिली बातमी निधनाची होती. पत्रकारितेत सगळ्यात सोपा मजकूर निधनवार्तेचा, असं शहरात मानतात. खेड्यात युद्धाचं वार्तांकन त्या मानानं सोपं पडेल. पहिला प्रश्न विशेषणाचा. गेलेला माणूस शेतकरी असेल तर तो 'प्रगतिशील शेतकरी', दुकानदार असेल तर 'प्रतिष्ठित व्यापारी', दोन्ही नसेल तर 'ज्येष्ठ नागरिक', आणि वयही झालेलं नसेल तर 'मनमिळाऊ स्वभावाचे'. उभ्या आयुष्यात एकदाही कुणाशी धड न बोललेल्या माणसाला पेपरात 'सर्वांशी आपुलकीने वागणारे' व्हावंच लागतं. त्याला इलाज नाही. खरी कसोटी पुढं असते, 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा मोठा परिवार आहे' या वाक्यात.

पोरानं घरी जाऊन यादी घेतली. ओसरीवर माणसं बसलेली. थोरल्या मुलानं नावं सांगितली, याच्या हातात वही. तेवढ्यात धाकट्यानं बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "ते ग्रामपंचायत सदस्याचे वडील, असं टाकजो." सदस्य म्हणजे तोच. थोरल्याला कळलं, तो म्हणाला, "मंग आमी काय कोतवालाचे भाऊ हाओत?" मग मुलींची नावं गावांसकट घालायची ठरली. गावं घातली, तर एका जावयाचं नाव राहिलं. तिसऱ्या दिवशी बातमी छापून आली आणि राहिलेले जावई अंक हातात घेऊन दारात उभे. "आमी काय मेलो का?" त्यांनी विचारलं. निधनवार्तेत नाव नसल्यानं माणूस चिडतो आणि असल्यानंही चिडू शकतो, अशी ही दुनियेतली एकमेव जागा. दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र आलं. त्यात जावयांचं नाव होतं, गाव चुकलं होतं.

जाहिरातीचा धडा वाढदिवसाच्या पानावर गिरवायचा असतो. वरच्या बाजूला राज्याचे नेते, त्यांच्या खाली जिल्ह्याचे, मधोमध हात जोडलेले उत्सवमूर्ती, आणि खाली शुभेच्छुकांच्या टिकलीएवढ्या फोटोंच्या रांगा. बाहेरच्या माणसाला ही नुसती गर्दी वाटते. आतल्याला ठाऊक असतं की या पानात तालुक्याचं अख्खं राजकारण फूटपट्टीनं मोजून बसवलेलं आहे. कुणाच्या फोटोला गोल, कुणाच्याला चौकोन, कुणाच्या नावामागं 'मा.' आणि कुणाच्या नुसतंच 'श्री.', यावरून माणसं पक्ष बदललेली आहेत. पहिल्या रांगेत आठ फोटो बसतात. पैसे नऊ जणांनी दिलेले असतात, आणि नववा गृहस्थ असा असतो की ज्याला दुसऱ्या रांगेत टाकायची पोराची छाती होत नाही. पोरानं मग सगळ्यांचे फोटो थोडे बारीक करून नऊ बसवले. आठ जणांचे फोन आले की आमचे चेहरे ओढल्यासारखे दिसतात, उपोषणाला बसवलंय का आम्हाला? पानाची रक्कम उत्सवमूर्तीच्या पुढच्या वाढदिवसाला मिळाली, आणि तीही त्या वाढदिवसाच्या जाहिरातीतून वळती करून.

या धंद्याचा मूळपुरुष कसा जगला, हे पोरांना शिकवतात का? कोकणातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ला मुंबईत 'दर्पण' काढलं. एका स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात इंग्रजी. बाळशास्त्री तेव्हा ऐन विशीच्या उंबरठ्यावर, आमच्या पोरापेक्षाही लहान. पुढं एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक झाले. दादाभाई नौरोजी त्यांचे विद्यार्थी. 'दर्पण' आठ वर्षांनी, १८४०मध्ये बंद पडलं आणि १८४६मध्ये, पस्तिशीच्या आत, शास्त्रीबुवाही गेले. त्या 'दर्पण'च्या तारखेला आपण पत्रकार दिन करतो. आमच्याकडं हा दिन म्हणजे दिवसभराची धावपळ असते. पोलिस ठाण्यात सत्कार, तहसीलला सत्कार, कॉलेजात सत्कार, दोन्ही गटांच्या कार्यालयांत सत्कार. प्रत्येक ठिकाणी शाल, श्रीफळ, पेन आणि गेल्या वर्षीची डायरी. वार्ताहर पत्रकार दिनाला दमून संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याच्या घरात महिनाभराच्या चटणीचं खोबरं असतं आणि त्या दिवशीची एकही बातमी गेलेली नसते.

आमच्या भागाला याहून जवळचा इतिहास आहे आणि तो सांगायला मला आवडतं. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यात मराठी पेपर काढणं म्हणजे घरावर तुळशीपत्र ठेवणं. आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीला 'मराठवाडा' साप्ताहिक सुरू केलं. निजाम सरकारनं बंदी घातली, तर त्यांनी नाव बदलून काढलं. त्या नावावर बंदी आली, तर आणखी नवं नाव. पुढं याच 'मराठवाडा'चं दैनिक झालं आणि अनंत भालेरावांनी ते गाजवलं. हे मी पोराला मोठ्या अभिमानानं सांगितलं. तो म्हणाला, "काका, आमच्या तालुक्यातल्या एका चॅनेलनंबी चार वेळा नाव बदललं."

"कुणी बंदी घातली?"

"कुणी नाही. पासवर्ड इसरला त्यांचा."

वार्ताहराला मोटारसायकलवर 'प्रेस' लिहायचा मान मिळतो. पण आजकाल खरी प्रतिष्ठा बूमला आहे. बूम म्हणजे माइकवर बसवलेला चौकोनी डबा, त्यावर चॅनेलचं नाव. दिल्लीच्या चॅनेलांचे असतात तसाच हुबेहूब डबा जिंतुरात फ्लेक्सवाल्याकडं करून मिळतो. पेपर काढायचा तर कायद्यानं नोंदणी लागते. १८६७चा इंग्रजांचा कायदा गेला, त्याच्या जागी केलेला २०२३चा नवा कायदा १ मार्च २०२४पासून लागू झाला, नोंदणी ऑनलाइन झाली, तरी शीर्षक मंजूर करून घ्यावं लागतंच. यूट्यूबच्या चॅनेलला एक जीमेल आणि एक बूम पुरतो. म्हणून धरणाचे दरवाजे उघडतात त्या दिवशी पुलावर पाण्यापेक्षा बूमचा विसर्ग जास्त असतो.

पोरानंही बूम करून घेतला आणि पुलावर उभा राहिला. मागं पांढरंशुभ्र पाणी कोसळतंय, समोर मित्रानं मोबाइल धरलेला. "नमस्कार, मी सध्या येलदरी धरणावर उभा आहे," एवढं झालं की वारा माइकमध्ये शिरायचा आणि पुढचं सगळं घुं घुं. फडकं गुंडाळून पुन्हा सुरुवात केली. या खेपेला एक अनोळखी गृहस्थ बाजूला येऊन उभे राहिले आणि चक्क बाइट देऊ लागले, "मी गेली वीस वर्षं या पुलाची मागणी करतोय." कोणता पूल? ते तर पुलावरच उभे होते. तिसऱ्या वेळेला सगळं जमलं, आवाज चांगला आला, पाणी मागं दिसलं, आकडे बरोबर आले. तेवढ्यात मागून आजीची हाक, "आरं, मासे घेतले का?" तो व्हिडिओ त्यानं तसाच टाकला, कारण मोबाइलची बॅटरी संपत आली होती. लोकांनी विसर्गाबद्दल काहीच विचारलं नाही. खाली एकजात सगळ्यांनी लिहिलं, 'मासे कोणते मिळाले?'

आवाजाचा मार्गही त्यानं धरून पाहिला. मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्‌झवर लागणारी आकाशवाणी परभणी ही आमच्या पिढीची पहिली शाळा. शेतीची माहिती, बाजारभाव आणि निवेदकाचा शुद्ध, ठेवणीतला आवाज. तो आवाज माणसाच्या गळ्यातून निघतो यावर आमच्या वडिलांचा विश्वास नव्हता. त्यांना वाटायचं, सरकार तो पुरवतं. आवाजाच्या चाचणीची तयारी म्हणून पोरगं आरशासमोर उभं राहून 'पाणी' म्हणायचं आणि दर खेपेला 'पानी' निघायचं. ज्या गावात घोटभर वाक्यात चारदा पाणी येतं, तिथल्या पोराची 'ण'वर अडचण व्हावी! महिनाभर त्यानं घरात सगळ्यांशी शुद्ध बोलून पाहिलं. शेवटी बापानं विचारलं, "बरं वाटंना का?"

पैसा कुठं लागला, ते मात्र कोणत्याच अभ्यासक्रमात नाही. ओळखीच्या घरच्या लग्नात ठरलेला सूत्रसंचालक आला नाही आणि हाती माइक असलेला एकुलता एक माणूस म्हणून पोराला उभं केलं. त्यानं आलेल्या पाहुण्यांचं पदांसकट स्वागत केलं, चार चारोळ्या टाकल्या, मामाला वेळेवर बोलावलं आणि जेवणाच्या पंगतीची सूचना इतक्या आर्जवानं केली की पंगत पहिल्याच हाकेला उठली. त्या दिवशी पाकीट मिळालं. त्यानंतर जावळं, बारसं, सेवानिवृत्ती, शाळेचं स्नेहसंमेलन, सगळीकडं बोलावणी. मग ऑटोवर भोंगा लावून फिरणाऱ्या जाहिरातीला आवाज देणं आलं. 'येत आहे, येत आहे, आपल्या गावात येत आहे' हे वाक्य तो असं म्हणतो की येणारी गोष्ट रसवंती असली तरी लोक दारात येऊन उभे राहतात. निवडणुकीला दोन्ही उमेदवारांच्या ऑटोंवर त्याचाच आवाज होता. दोन ऑटो चौकात समोरासमोर आले, तेव्हा तो स्वतःच स्वतःला पाडा म्हणून सांगत होता.

जनसंपर्काचा धडा मग आपसूक झाला. एका पुढाऱ्याचं समाजमाध्यमांचं काम त्याच्याकडं आलं. पुढारी कुठं गेले, कुणाच्या खांद्यावर हात ठेवला, काय म्हणाले, याची प्रेसनोट तो सकाळी लिहितो आणि संध्याकाळी वार्ताहर म्हणून तीच प्रेसनोट बातमी करून पेपरला पाठवतो. मी विचारलं, "दोघांचं मत वेगळं पडलं तर?" तो म्हणाला, "काका, प्रेसनोटमधी 'टाळ्यांच्या कडकडाटात' असतं. बातमीत मी ते काढून टाकतो. तेवढी पत्रकारिता हाय की!"

एवढं सगळं झाल्यावर घरच्यांनी लग्नाचं काढलं. बायोडाटात व्यवसायाच्या रकान्यात काय लिहावं, यावर रात्रभर चर्चा झाली. पत्रकार लिहिलं तर पगार विचारतात. सूत्रसंचालक लिहिलं तर मंडपवाला समजतात. माध्यम सल्लागार लिहिलं तर काहीच समजत नाहीत, म्हणून तेच लिहायचं ठरलं. खाली शेती पाच एकर, येलदरी शिवार. आता येलदरीची शेती म्हणजे धरण उशाला आणि कोरड घशाला. कालवे निघतात खाली सिद्धेश्वरहून, त्यामुळं आमच्या शिवाराला धरणाचा वारा तेवढा मिळतो. पाहुणे वसमतकडचे, कालव्याच्या पाण्यावर हळद घेणारे. ते असली शेती बघून परत जाणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

पाहुणे आले, पोहे झाले, मुलीच्या वडिलांनी बायोडाटा घडी करून खिशात टाकला आणि पोराला विचारलं, "येलदरीची बातमी तुम्हीच देता का?"

"हो."

"मंग यंदा रब्बीला पाळ्या किती?"

पोरानं क्षणाचाही विचार केला नाही. पंधरा ऑक्टोबरचा साठा किती होता, पिण्याच्या पाण्याचं आरक्षण किती राखून ठेवायचं, बाष्पीभवनात किती जाईल, सिद्धेश्वरात किती उतरलंय, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत कोण काय मागेल, सगळं दलघमीत सांगितलं. शिकताना आणि धंदा करताना जमवलेलं इतकं ज्ञान त्याच्याकडून एका दमात बाहेर आलेलं मी प्रथमच पाहिलं. 'पाणी'सुद्धा 'पाणी'च निघालं. मुलीचे वडील भाऊबंदांकडं वळून म्हणाले, "पोरगं कामाचं हाय." पेपर आमच्याकडं दुपारी येतो, असं म्हणत त्यांनी तिथल्या तिथं नंबर घेतला.

तेव्हापासून त्यांचा फोन रोज सकाळी साडेसहाला येतो. पोरगं अर्धवट झोपेत टक्के सांगतं, ते तिकडं वहीत लिहून घेतात, मेहुण्यापाहुण्यांनाही कळवतात. सोयरिकीचा विषय अजून त्यांनी काढलेला नाही, आणि पातळी स्थिर आहे.